घराचं नाक

मुलांनो, आज तुम्हांला एक विचित्र प्रश्न विचारतो. तुमच्या घराला नाक आहे का?

हसू नका! घराला दार असतं, खिडक्या असतात, छप्पर असतं, हे तुम्ही लगेच सांगाल. पण नाक? माझी आई मात्र अगदी ठासून सांगायची, "ज्या घराला नाक न्हाई ते घर नव्हं, कणगी हाय." कणगी म्हणजे धान्य साठवायची, शेणामातीनं लिंपलेली मोठी टोपली. आतल्या धान्याला बाहेरचा वारा लागू नये म्हणून तिला फट ठेवत नाहीत. धान्याला हे चालतं. धान्य खोकत नाही, शिंकत नाही आणि त्याला दर मिनिटाला श्वासही घ्यावा लागत नाही. माणसांचं तसं नसतं.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. जाडजूड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर काड्या आणि पाला, आणि त्यावर मातीचा जाड थर. या सपाट छताला माळवद म्हणतात, कुणी धाबं म्हणतात. बाहेर मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला तरी आत माणूस निवांत झोपू शकतो. या माळवदाला मधोमध एक भोक ठेवलेलं असायचं. त्याला आमच्याकडे सवणं म्हणतात. काही गावांत सानं असंही म्हणतात. सवण्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. पाऊस आला की आमच्यापैकी कुणीतरी धावत माळवदावर चढायचं आणि सवण्यावर घमेलं पालथं घालून यायचं. हेच ते आईचं 'घराचं नाक'!

दुपारी सवण्यातून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत उतरायचा. त्या पट्ट्यात बारीक बारीक कण तरंगताना दिसत. आम्ही भावंडं ते मुठीत पकडायचा खेळ खेळायचो. एकही कण हाती लागायचा नाही. गंमत म्हणजे, तो पट्टा सरकून नाहीसा झाला की कणही नाहीसे झाल्यासारखे वाटायचे. पण ते तिथेच असायचे. फक्त दिसायचे नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला तिची गरज पडणार आहे.

आता जुनं ते सगळं चांगलं, असं म्हणणारा मी नाही, बरं का! माळवदाच्या घरात अंधार असायचा. पावसाळ्यात कुठे ना कुठे गळायचं. वरून कधीमधी विंचूही पडायचा. आणि सवणं असलं तरी चुलीचा सगळा धूर काही त्यातून जायचा नाही. जो राहायचा तो चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या छातीत जायचा. माझ्या आईनं पन्नासएक वर्षं चूल फुंकली. तिचा दमा त्या धुरातूनच आला, असं डॉक्टर म्हणायचे. म्हणून २०१२ साली आम्ही जुनं घर उतरवून सिमेंटचं घर बांधलं, गॅस आणला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. फक्त स्लॅब पडला त्या दिवशी वर बघून ती म्हणाली, "समदं झ्याक झालं. पर ह्याचं नाक कुठं हाय?" आम्ही हसलो. खिडक्या आहेत की, आई!

खिडक्या होत्या. पण हिवाळ्यात गारठा येतो म्हणून बंद, उन्हाळ्यात झळा येतात म्हणून बंद, पावसाळ्यात पाणी येतं म्हणून बंद आणि संध्याकाळी डास येतात म्हणून बंद. तुमच्याकडेही असंच होतं का? पाहा बरं आठवून!

२०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. आठवडाभर पावसाची झड लागलेली. माझा धाकटा पुतण्या तेव्हा पाचवीत होता. त्याच्या वर्गात मुलं खोकायला लागली. झड आत येते म्हणून वर्गाच्या खिडक्या लावलेल्या आणि बाकावर तिघं-तिघं. चार-पाच दिवसांत निम्मा वर्ग रिकामा झाला. मग एका संध्याकाळी हाही तापानं फणफणून घरी आला. अंग ठणकतंय, डोकं दुखतंय, कोरडा खोकला. रात्री तो नेहमीसारखा आजीच्या खोलीत, आजीच्या शेजारी झोपला. दार बंद, खिडकी बंद, बाहेर पाऊस.

तो चार दिवसांत उठून हुंदडायला लागला. आजी मात्र तिसऱ्या दिवशी पडली. ताप, खोकला आणि त्यात दमा. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच जालन्याला न्यायला सांगितलं. आठ दिवस ती दवाखान्यात होती, त्यांतले तीन दिवस ऑक्सिजनवर. ती बरी होऊन घरी आली खरी, पण त्यानंतर ओसरीवरून न्हाणीघरापर्यंत जातानाही तिला मध्ये एकदा भिंतीला हात लावून थांबावं लागायचं.

ती दवाखान्यात असताना पुतण्या एकदा माझ्यापाशी आला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "काका, आजीला माझ्यामुळं झालं का?"

मुलांनो, हा प्रश्न साधा नाही. "नाही रे बाळा" म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवणं सोपं होतं. पण पाचवीतल्या मुलाला खोटं कळतं. मी मास्तर माणूस. मी त्याला म्हटलं, "ये, बस. आपण नीट शोधून काढू या." त्याला त्या दिवसांत जे सांगितलं आणि पुढे मी जे वाचत गेलो, ते आज तुम्हांलाही सांगतो.

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. साध्या सर्दीपेक्षा हा वेगळा. सर्दी हळूहळू येते, फ्लू एकदम गाठतो. तो होतो एका विषाणूमुळे. हा विषाणू इतका बारीक, की एका मिलिमीटरच्या रेघेवर दहा हजार विषाणू ओळीनं उभे राहतील! माणसाला फ्लू देणारा हा विषाणू शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वेगळा केला तो १९३३ साली, लंडनमध्ये. त्याआधी १९१८ ची भयंकर साथ येऊन गेली होती. मुंबईत ती जूनमध्ये दिसली आणि पुढच्या काही महिन्यांत देशभर पसरली. भारतात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली. आपला शत्रू कोण आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं.

थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे तो वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, एकदा थंडीच्या अखेरीस आणि एकदा पावसाळ्यात. आणि हा मोठा लबाड असतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे आपण आजारी आहोत हे आपल्यालाच कळायच्या आत! मग सांगा, माझ्या पुतण्याला किंवा त्याच्या वर्गातल्या पहिल्या मुलाला कसं कळावं?

आता तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? एक वाट हातांची. नाक पुसलं, तोच हात दाराच्या कडीला लावला, ती कडी दुसऱ्यानं धरली आणि मग डोळे चोळले. म्हणून साबणानं हात धुवायचे. दुसरी वाट शिंकेच्या मोठ्या थेंबांची. हे थेंब जड असतात, एक-दोन मीटरवर जमिनीवर पडतात. म्हणून शिंकताना रुमाल धरायचा. या दोन्ही वाटा तुम्ही शाळेत शिकला आहात.

पण तिसरी वाट आहे, आणि ती पुष्कळ वर्षं दुर्लक्षित राहिली. आपण बोलतो, गातो, खोकतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हाही तोंडानाकातून अतिशय बारीक तुषार बाहेर पडतात. विल्यम वेल्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३४ साली दाखवून दिलं, की या तुषारांतलं पाणी क्षणात सुकतं आणि उरलेला हलका कण हवेत तरंगत राहतो. किती वेळ? आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉनचा कण अगदी स्तब्ध हवेत दीड मीटर उंचीवरून सोडला, तर जमिनीवर यायला त्याला जवळजवळ बारा तास लागतात! आठवतात सवण्यातले ते कण? मुठीत न सापडणारे? तसेच हे. फक्त यांच्यातल्या काहींवर फ्लूचा विषाणू स्वार झालेला असतो, आणि ते आपल्याला दिसत नाहीत.

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक छोटंसं गणित करू.

शांत बसलेलं तुमच्या वयाचं मूल एका मिनिटात सुमारे ६ लिटर हवा आत घेतं आणि बाहेर सोडतं. वर्गात ५० मुलं आहेत. म्हणजे एका मिनिटात ३०० लिटर. ४० मिनिटांच्या एका तासिकेत १२,००० लिटर. आता वर्गाचं माप घ्या. २० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच. म्हणजे ४,००० घनफूट. लिटरमध्ये हे झाले सुमारे १ लाख १३ हजार. दारं-खिडक्या पूर्ण बंद असतील तर एका तासिकेनंतर वर्गातल्या हवेचा दहावा हिस्सा कुणाच्या ना कुणाच्या छातीत जाऊन आलेला असतो. तीन तासांनी हा आकडा निम्म्याच्या जवळ पोहोचतो! आपण दुसऱ्याचं उष्टं पाणी पीत नाही. पण बंद खोलीत आपण सगळे एकमेकांची उष्टी हवा पीत असतो, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

या उष्ट्या हवेचं एक लक्षण आहे. मोकळ्या हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपल्या उच्छ्वासात तो ४० हजारांच्या आसपास असतो. म्हणून खोलीत माणसं भरली आणि खिडक्या लावल्या, की तो चढत जातो. माक्स फॉन पेटेनकोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं, की हा आकडा १,००० च्या वर गेला तर खोलीची हवा शिळी झाली असं समजा. शेवटच्या तासिकेला तुम्हांला जांभया येतात ना? त्यात सगळा दोष भूगोलाचा नसतो!

"म्हणजे काका, वर्गात सगळ्यांनी एकच हवा वापरली?" पुतण्यानं विचारलं. आता त्याला गोडी लागली होती. मग मी त्याला विमानाची गोष्ट सांगितली.

१९७७ सालचा मार्च महिना. अमेरिकेतल्या अलास्कामध्ये ५४ माणसं असलेलं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे जमिनीवरच अडकलं. दुरुस्तीला तीन तास लागले. बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले, आणि त्या वेळात विमानातली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. प्रवाशांत एक जण फ्लूनं आजारी होता. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. म्हणजे दर चौघांतले जवळजवळ तिघं! सगळे काही त्या आजारी माणसाच्या शेजारी बसले नव्हते, सगळ्यांनी त्याच्या हाताला हात लावला नव्हता. सगळ्यांनी एकच गोष्ट वाटून घेतली होती, ती म्हणजे बंद विमानातली हवा.

विमान दूरचं वाटत असेल तर आपली एसटी आठवा. पाऊस सुरू झाला की धडाधड काचा सरकतात. उभ्या माणसांनी गाडी खच्चून भरलेली. बाहेरून पाहिलं तर काचांवर आतून वाफ धरलेली दिसते. ती वाफ कशाची? सगळ्यांच्या श्वासाची!

आणि पुणे तर आपलंच. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ जगभर पसरली. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी त्या आजारानं गेली. भारतातला तो पहिला बळी. दिवस पावसाळ्याचे, शाळा भरलेल्या. पुण्यातल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे. तिथे तपासणीसाठी नमुन्यांची रीघ लागली. आमच्याकडे लोक रुमालात कापूर बांधून फिरायचे. कापरानं नाक मोकळं वाटतं, पण विषाणू काही मरत नाही. खिडकी उघडा असं सांगणारं मात्र फारसं कुणी भेटलं नाही.

मग २०२० मध्ये कोरोना आला. तुमच्यातले मोठे तेव्हा घरात बसून मोबाइलवर शाळा शिकले. त्या वर्षी जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एक खुलं पत्र लिहून सांगितलं, की हा आजार हवेतूनही पसरतो, याकडे लक्ष द्या. मे २०२१ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानंही पत्रक काढून, चित्रं छापून सांगितलं, की दारं-खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी तर परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात १८५९ सालीच हा पहिला नियम म्हणून लिहिला होता. रोग्याला गारठू न देता त्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ ठेवायची. आणि माझ्या आईनं तर यातलं काहीच वाचलं नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आम्ही करायचं काय? पाऊस येतो, डास येतात, धूळ येते. खरं आहे. म्हणून उपायही आपल्या भागाला शोभेल असा हवा.

पहिली गोष्ट, हवेला दोन वाटा लागतात. एक आत यायला, एक बाहेर जायला. एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघडलेल्या बऱ्या. पावसाची झड ज्या बाजूनं येते ती खिडकी लावा, पण तिच्या समोरची आणि व्हरांड्याकडचं दार उघडं ठेवा. गरम हवा वर चढते, म्हणून छताजवळचे झरोके कधीही पुठ्ठे लावून बुजवू नका. सवणं हेच काम करत होतं.

दुसरी गोष्ट पंख्याची. छताचा पंखा हवा फक्त ढवळतो, बदलत नाही. खिडकी बंद आणि पंखा जोरात, म्हणजे तीच हवा सगळ्यांना सारखी वाटणं! खिडकी उघडून पंखा लावला तर तो कामाचा. टेबलफॅन असेल तर तो खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे आतली हवा तो बाहेर फेकील आणि समोरून ताजी आत येईल. भिंतीतला एक्झॉस्ट फॅनही हेच करतो.

तिसरी गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या लाडक्या कूलरची. खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून गाळून आत ढकलतो. म्हणजे तो ताजी हवा देतो. पण समोरची खिडकी उघडी नसेल तर ती जाणार कुठे? खोली दमट होते आणि गारवाही धड येत नाही. भिंतीवरचा एसी मात्र खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. एसीच्या खोलीत गारवा असतो, ताजेपणा नसतो. तिथे मधूनमधून खिडकी उघडायलाच हवी.

चौथी गोष्ट डासांची. खिडकीला बारीक जाळी लावा आणि ती पुसत राहा. धुळीनं भरलेली जाळी म्हणजे भिंतच. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणं हा उपाय नव्हे. त्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही चांगली.

आणि धूळ-धूर? जालन्यात सळया तयार करणाऱ्या पोलादाच्या गिरण्या आहेत, रस्त्यांवर धूळ आहे. देशात २०१९ पासून शुद्ध हवेसाठी जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या शहरांच्या यादीत जालन्याचं नाव आहे. ही काही भूषणाची गोष्ट नाही. म्हणून वेळ पाहा. शेजारी कचरा जळत असेल, अंगण झाडत असतील, तेवढ्या वेळापुरती खिडकी लावा. मग पुन्हा उघडा. बाहेरच्या धुराचा बंदोबस्त मोठ्यांनी करायचा आहे, त्याबद्दल त्यांना विचारत राहा. पण त्याच्या नावाखाली खोली दिवसभर कोंडून ठेवू नका.

किती हवा बदलली म्हणजे पुरे? अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं २०२३ मध्ये सांगितलं, की तासाभरात खोलीतली हवा किमान पाच वेळा बदलेल असं पाहावं. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतंच. करून पाहा. मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडक्या बंद करा आणि शेवटच्या बाकावर एकानं मोसंबी सोला. आपल्या जिल्ह्यात मोसंबीला काय तोटा! पहिल्या बाकावर वास किती मिनिटांनी पोहोचला आणि किती वेळ राहिला, ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी समोरासमोरच्या खिडक्या उघडून तेच करा. वास म्हणजे विषाणू नव्हे, पण दोघांची वाट एकच, हवेची. तुमची वही शिक्षकांना दाखवा. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायला याहून चांगला अर्ज नाही. मोसंबी वाटून खायला विसरू नका!

आणखी दोन गोष्टी मोठ्या माणसांसाठी. ताप आलेल्या मुलाला शाळेत पाठवू नका. औषध न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल तेव्हाच पाठवा. पुष्कळ शाळांत पूर्ण हजेरीचं बक्षीस असतं आणि त्यासाठी मुलं तापातही येतात. ते बक्षीस जरूर द्या, पण आजारपणाची रजा त्यात धरू नका. आणि घरात म्हातारी माणसं, दम्याचे रुग्ण, गरोदर बाई असेल, तर फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. हा विषाणू रूप पालटतो, म्हणून ही लस दर वर्षी घ्यावी लागते.

घरात कुणाला फ्लू झालाच, तर त्याला खिडकीजवळच्या खाटेवर झोपवा, शक्य तर वेगळ्या खोलीत. खिडकी उघडी ठेवा. जवळ जाणाऱ्यानं आणि रुग्णानंही मास्क लावावा. पांघरूण जाड द्या, पण हवा तोडू नका. गारठा लागू न देणं आणि वारा बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं ऐकून झाल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग त्यानंच निकाल दिला, "म्हणजे मी आणला, पण आजीला दिला तो बंद खोलीनं." मला वाटतं, यापेक्षा नेमकं उत्तर मलाही देता आलं नसतं. आजारी पडणं हा कुणाचाच गुन्हा नाही. शाळेतून ताप घेऊन येणारं लेकरू गुन्हेगार नाही. तापाला हात-पाय नसतात. आपण वाट दिली की तो जातो, वाट मोडली की अडतो.

आम्ही वाट मोडली. आईच्या खोलीत छताखाली गवंड्याकडून दोन झरोके पाडून घेतले, एका झरोक्यात छोटा एक्झॉस्ट फॅन बसवला, खिडकीला जाळी लावली. आई त्यानंतर चार वर्षं आमच्यात होती. त्या चार वर्षांत घरात दोनदा फ्लू येऊन गेला. तिच्या खाटेपर्यंत तो पोहोचला नाही. एवढ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या झरोक्याखाली बसून ती आल्यागेल्याला मोठ्या ऐटीत सांगायची, "ह्ये बघा, माज्या लेकानं घराला नाक बसवलं."

तर मुलांनो, उद्या वर्गात गेलात की आधी खिडक्या मोजा. किती उघडतात, किती गंजून बसल्यात, किती कपाटामागे दडल्यात, ते पाहा. मग घरी आजी-आजोबा झोपतात त्या खोलीत जा आणि तिथेही पाहा. गंजलेल्या बिजागरीला तेलाचे दोन थेंब पुरतात. खिडकी आड आलेलं कपाट हातभर सरकवायला दोन माणसं पुरतात. त्यांतले एक तुम्ही व्हा.